डी कमी आहे म्हणून रडू येतंय का?

गेल्या अंकात थकव्याबद्दल लिहिताना व्हिटॅमिन डीचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, पण त्यावरून इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की हे सदर या वेळी त्यालाच द्यायचं ठरवलं. गंमत म्हणजे हाडं दुखतात असं लिहिणारे कमी, आणि मन लागत नाही, चिडचिड होते, रडू येतं, ते डीमुळेच ना, असं विचारणारे जास्त. पत्रं थोडी कापली आहेत, कुणाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. पहिलं पत्र घाईचं होतं, त्यांना उत्तर त्याच दिवशी फोनवर दिलं, तरीही मुद्दाम आधी छापतेय कारण ही चूक मी माझ्या दवाखान्यात एकदा नाही, पुष्कळदा बघितलीय.

प्रश्न : मॅडम, वडील ६९ वर्षांचे आहेत, आयुष्यभर लूमवर काम केलं, आता घरीच असतात. डी कमी निघालं म्हणून पुड्या दिल्या होत्या दुधातून घ्यायला. आठवड्याला एक घ्यायची होती म्हणे, पण आमच्या लक्षात आलं नाही, आम्ही रोज एक देत गेलो, २२ दिवस झाले. आता जेवण जात नाही, उलट्या होतात, सारखं पाणी मागतात, चार दिवस संडासला झालं नाही आणि कालपासून बोलता बोलता मधेच विषय सोडून गप्प बसतात. शेजारचे म्हणतात म्हातारपणाचं डिप्रेशन आहे. काय करावं?

उत्तर : आजच्या आज दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका, आणि ती रिकामी पाकिटं सोबत न्या. पुडी आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही आत्ताच्या आत्ता बंद. एका पुडीत ६० हजार युनिट असतात, २२ दिवसांचे झाले १३ लाख २० हजार. धडधाकट मोठ्या माणसाने स्वतःच्या मनाने रोज घ्यायची वरची मर्यादा ४ हजार युनिट धरतात, म्हणजे विचार करा. डी फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, आणि तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण, तहान, उलटी, बद्धकोष्ठ, गोंधळणं, हे त्या चढलेल्या कॅल्शियमचं असू शकतं. डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतील, सलाईन लागू शकतं. डी शरीरातल्या चरबीत साठून राहतं त्यामुळे पुडी बंद केली म्हणजे दोन दिवसांत सगळं ठीक असं होत नाही, पुढे काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं.

मेडिकलमधून पुडी घेताना पाकिटावर वार लिहून घ्या, नाहीतर सरळ म्हणा की आमच्याकडे दर सोमवारी. आमच्या दवाखान्यात मी पेशंटला विचारतेच की कुठला वार पाळता, मग तोच वार पुडीचा. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शुक्रवार. असा वार चुकत नाही.

प्रश्न : आपल्या सोलापूरला ऊन काय कमी आहे का? मार्च लागला की अंगाची लाही होते. मग तरी माझं, मिसेसचं आणि पोरीचं तिघांचं डी कमी कसं काय? लॅबवाले सगळ्यांनाच कमी म्हणतात की काय अशी शंका येते.

उत्तर : शंका समजते, पण ऊन गावात असणं आणि ऊन अंगावर असणं यात फरक आहे. डी तयार होतं ते कातडीत, उन्हातल्या यूव्हीबी नावाच्या किरणांनी. कातडीत कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला एक पदार्थ असतो, त्यावर हे किरण पडले की त्याचं डी बनायला लागतं, मग ते लिव्हरमध्ये आणि शेवटी किडनीत जाऊन कामाचं होतं. हे किरण काचेतून आत येत नाहीत. म्हणजे ऑफिसच्या खिडकीशेजारी बसून पाठ भाजली तरी डी शून्य, आणि कारमध्ये काच वर करून अक्कलकोट रोडला रोज ये-जा केली तरी शून्य.

आता आपल्या गावातली माणसं दिवसभर कुठे असतात ते बघा. लूमच्या शेडमध्ये ऊन येत नाही, पत्र्याखाली नुसती उष्णता आणि खडखडाट. ऑफिसवाला ट्यूबलाइटखाली. आणि विडीवाल्या बायका. माझी आजी विडी वळायची, म्हणून ते चित्र मला आजही जसंच्या तसं दिसतं, दहा बाय बाराची खोली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेली, आणि उजेडासाठी दाराशी बसली तरी ऊन पायाच्या अंगठ्यापर्यंतच यायचं, कारण उन्हात बसलं की पानं वाळून तडकतात. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बाहेर ४३ डिग्री, आणि आजीला मात्र उंबऱ्याबाहेर जायला सवड नाही. म्हातारपणी तिला जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागायचे, मांड्यांत जोरच नसायचा, आम्ही म्हणायचो वय झालं. डॉक्टर झाल्यावर कळलं की डी फार कमी असलं की अगदी असंच होतं, मांड्या आणि खुब्याचे स्नायू आधी कमजोर होतात. तिचं कधी तपासलं नाही त्यामुळे नक्की तेच होतं असं मी म्हणणार नाही.

तुमच्या पोरीचं म्हणाल तर स्कूटीवर जाताना डोक्यापासून स्टोल, हातात मोजे, गॉगल, म्हणजे डोळेसुद्धा दिसत नाहीत. सातरस्त्याच्या सिग्नलला उभं राहून मोजा, दहातल्या नऊ पोरी अशाच. त्यांना दोष देत नाही, धूळ आणि ऊन दोन्ही भयंकर आहे. शिवाय आपला रंग सावळा, त्यातलं मेलॅनिन किरण अडवतं, त्यामुळे गोऱ्या माणसाला जितका वेळ पुरतो त्यापेक्षा आपल्याला जास्त लागतो. वय वाढलं की कातडीची ताकद कमी होते, वजन जास्त असलं की डी चरबीत अडकतं, आणि फिटच्या किंवा टीबीच्या काही गोळ्यांनीही डी कमी होतं.

दुसरं म्हणजे वेळ. सकाळी सातचं कोवळं ऊन डीसाठी चांगलं असं आपल्याकडे सगळेच सांगतात, मीही लहानपणी तेच ऐकलंय, पण त्या वेळी सूर्य इतका तिरपा असतो की यूव्हीबी वातावरणातच गळून जातात. साधा हिशोब सावलीचा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की त्या उन्हात डी बनतं, लांब असेल तर फारसं नाही. गच्चीवर जाऊन करून बघा. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली आखूड होते, त्यामुळे दुपारच्या भट्टीत उभं राहायची अजिबात गरज नाही, उष्माघात करून घेऊ नका. डिसेंबरात मात्र सव्वाअकरा ते दीड एवढाच वेळ मिळतो. तरी आपण नशीबवान, अमेरिकेतल्या बोस्टनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी कातडीत डी बनतच नाही, आपल्याला बारा महिने संधी आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं, हात, पोटऱ्या, मान उघडी ठेवून. वाळवण घालायला, कपडे वाळत टाकायला गच्चीवर जाताच ना, ती वेळ थोडी सरकवा. आणि उन्हातून डी कधी जास्त होत नाही, जास्तीचं कातडीतच मोडतं, वरच्या पत्रातल्यासारखा गोंधळ फक्त पुड्या-गोळ्या-इंजेक्शनने होतो.

खाण्यातून डी कमीच मिळतं. अंड्याचा पिवळा भाग, बांगडा, तारली यांत असतं, पण आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाणाऱ्या घरात ते कुठून येणार. दूध आणि तेलाच्या पिशवीवर अधिकची खूण आणि एफ अक्षर असा शिक्का असेल तर त्यात डी घातलेलं असतं, ते बघून घ्या.

लॅबबद्दल एकच. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमी, यावर बहुतेकांचं एकमत आहे. २० ते ३० च्या मधल्या आकड्यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहे, रिपोर्टवर तो आकडा ठळक अक्षरात आला म्हणून घाबरू नका. काहीही त्रास नसलेल्या धडधाकट माणसाने उगाच ही टेस्ट करत बसू नये असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०२४ च्या मार्गदर्शनात सांगितलंय, आणि मला ते पटतं.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. चार-पाच महिने झाले, काहीच करावंसं वाटत नाही. पूर्वी मला रांगोळीची फार हौस, गड्ड्याच्या यात्रेत तर मैत्रिणींबरोबर रोज चक्कर असायची, या वर्षी एकदाही गेले नाही. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. मुलावर ओरडते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. फॅमिली डॉक्टरांनी टेस्ट केली, डी ९ आलं, घरच्यांना एकदम हायसं वाटलं, सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या की तिचं डी कमी आहे म्हणून तसं होतं. ८ आठवड्यांचा कोर्स दिला, ६ पुड्या झाल्या. कंबर आणि पायाचं दुखणं खरंच कमी झालं पण मन तसंच आहे. मिस्टर म्हणतात कोर्स पूर्ण कर, होशील ठीक. कधीकधी वाटतं झोपावं आणि उठूच नये. हे डीमुळेच ना? अजून किती पुड्या लागतील?

उत्तर : तुमचं शेवटून तिसरं वाक्य मी आधी घेते. झोपावं आणि उठूच नये असं वाटणं ही बारीक गोष्ट नाही आणि त्यासाठी आठव्या पुडीची वाट बघायची नाही. आज रात्रीच मिस्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा, नाही जमलं तर हे पान त्यांच्यासमोर ठेवा. टेलीमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, पहाटे साडेतीनला जाग आली आणि डोक्यात नको ते विचार आले तर तेव्हाही लावा. आणि या आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञांची अपॉइंटमेंट घ्या. सिव्हिलला ओपीडी असते, खाजगीही आहेत. स्वतःला काही करून घ्यावं असं कधी डोक्यात आलं तर मग अपॉइंटमेंटची वाट न बघता घरच्या कुणाला तरी घेऊन सरळ दवाखान्यात.

आता डीचं. ९ म्हणजे खरंच बरंच कमी, त्यामुळे पुड्या बरोबर दिल्या आहेत आणि कंबरदुखी कमी झाली यातच त्यांचं काम दिसतंय. डीचा शोधच मुळी हाडांच्या आजारातून लागला, लहान मुलांचा मुडदूस. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरं केलं, डी हे नाव पडलं त्यानंतर १९२२ मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत डीबद्दल सगळ्यात खात्रीने काय सांगता येतं तर हाडं, स्नायू, कॅल्शियम.

मनाचा संबंध अगदीच हवेतला नाहीये. मेंदूत डीला ओळखणाऱ्या जागा आहेत हे माहीत आहे. २०१३ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून ३१ हजारांवर लोकांची माहिती तपासली तेव्हा दिसलं की डिप्रेशन असलेल्यांमध्ये डी कमी असायचं प्रमाण जास्त आहे. पण ताई, यात एक गाठ आहे. ज्याचं मन खचलंय तो घराबाहेर पडतो का? तुम्हीच लिहिलंय की गड्ड्याला गेला नाहीत, रांगोळी काढायला अंगणात बसला नाहीत. मग ऊन कुठून लागणार? म्हणजे डी कमी झाल्याने मन खचलं की मन खचल्याने डी कमी झालं, की दोन्हीचं कारण तिसरंच, हे नुसता रिपोर्ट बघून सांगताच येत नाही. म्हणून मग अमेरिकेत मोठा प्रयोग केला, ५० च्या पुढचे १८ हजारांवर लोक घेतले, अर्ध्यांना रोज २ हजार युनिट डी आणि अर्ध्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी, पाच वर्षं. २०२० मध्ये निकाल आला, डिप्रेशन होण्यात काहीच फरक नाही, मूडमध्येही नाही. आता खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांचं डी सुरुवातीला तुमच्याइतकं कमी नव्हतं, त्यामुळे तुमच्या ९ ला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि आधीच डिप्रेशन असलेल्यांवरच्या छोट्या अभ्यासांत काही ठिकाणी थोडा फायदा दिसलाय, काही ठिकाणी नाही. म्हणून पुड्या पूर्ण करा, दुधातून किंवा जेवणानंतर घ्या कारण डी तेला-तुपासोबतच नीट शोषलं जातं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पण मनाचा सगळा भार त्या पुडीवर टाकू नका, ती एवढं ओझं उचलणारी नाही.

तुम्ही जे लिहिलंय, चार-पाच महिने, आवडीच्या गोष्टीतला रस गेलेला, पहाटे लवकर जाग, चिडचिड, रडू, जगण्याचा कंटाळा, हे दोन आठवड्यांच्या वर रोजच्या रोज असलं तरी आम्ही डिप्रेशनचा विचार करतो, तुमचे तर महिने झालेत. पक्कं निदान समोर बसूनच होईल. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्या, तुम्ही शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच, कारण हे तिन्ही बिघडले तरी माणूस असाच गळून जातो. गोळ्या लागल्या तर घाबरू नका, त्या लागू पडायला २ ते ४ आठवडे जातात, झोपेच्या गोळीसारखं व्यसन लागत नाही, फक्त मनाने बंद करायच्या नाहीत. समुपदेशनाने बरं होणारेही पुष्कळ आहेत.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंत ना, ते वाचून मी बराच वेळ थांबले. डी कमी आहे हे जावेला सांगता येतं, शेजारी सांगता येतं, हळदीकुंकवाला सांगता येतं. त्याला कागद असतो, कागदावर आकडा असतो, त्यामुळे सून कामचुकार नाही, नाटक करत नाही, तिला खरंच काहीतरी झालंय हे घर मान्य करतं. आणि मन आजारी आहे म्हटलं की त्याच घरात एकदम शांतता, मग बाहेरचं काही लागलंय का बघू, माहेरी पाठवू, कुणाला सांगू नका. मी रोज बघते हे. बायका रिपोर्ट पुढे करतात आणि बोट त्या आकड्यावर ठेवून रडतात, रडायचं असतं भलत्याच गोष्टीवर. म्हणून मी सासूबाईंना नावं ठेवत नाही, त्यांनी त्यांच्या परीने तुम्हाला वाचवलंय, तुमच्या त्रासाला घरात सांगता येईल असं एक नाव दिलंय. तेच नाव आता पुढच्या डॉक्टरकडे जायला वापरा. सुरुवातीला घरी एवढंच सांगा की डीचं फॉलोअप आहे आणि झोपेचंही दाखवायचंय. पण मिस्टरांना खरं सांगा. एका माणसाला तरी पूर्ण खरं माहीत हवं.

प्रश्न : मॅम मी २१ वर्षांचा, एमपीएससी करतोय, सकाळी ७ ते रात्री १० अभ्यासिकेतच असतो. हल्ली लक्ष लागत नाही, लो फील होतं. यूट्यूबवर बघितलं की डीने मूड आणि मेमरी दोन्ही बूस्ट होते. टेस्ट १००० च्या वर सांगतायत, ती न करता डायरेक्ट ६० हजारवाली कॅप्सूल चालू केली तर चालेल का?

उत्तर : नको रे. डी कमी नसलेल्या माणसाला वरून डी देऊन मूड किंवा स्मरणशक्ती वाढते याला आधार नाही. ६० हजारची कॅप्सूल डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही, पहिलं पत्र वाच. टेस्टला पैसे नसतील तर थांब, आधी फुकटचं कर. रोजची गरज आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० मध्ये ६०० युनिट धरलीय, तुझ्या वयात त्यातलं बरंचसं ऊन देऊ शकतं. पण १५ तास ट्यूबलाइटखाली बसणाऱ्याचं लक्ष लागेल तरी कसं? दोन वेगळी उन्हं लक्षात ठेव. सकाळी उठल्या उठल्याचं ऊन, ते डोळ्यांसाठी, म्हणजे सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं मोकळ्या उजेडात अर्धा तास चालायचं, त्याने शरीराचं घड्याळ लागतं, रात्री झोप वेळेवर येते आणि मूडला त्याचा उपयोग होतो. त्याने डी बनत नाही. डीसाठी सावली आखूड असतानाचं ऊन, बाह्या वर करून, जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं. तू कंबर तलावाच्या बाजूला राहत असशील तर सकाळी एक फेरी मारून मगच अभ्यासिकेत जा. एवढं करून दोन आठवड्यांनी पण लो वाटत राहिलं, किंवा रिझल्टच्या विचाराने झोपच उडाली, तर १४४१६ तुझ्यासाठीही आहे. आणि घरी फोन करून सांग की जड जातंय. आईवडिलांना ओझं नको म्हणून पोरं गप्प राहतात, आणि त्यांना सगळ्यात शेवटी कळतं.

प्रश्न : डॉक्टरीणबाई, सून बाळंत होऊन २६ दिवस झाले. पहिले दोन-चार दिवस रडली तेव्हा वाटलं, होतं असं, पण आता रोजच रडते, बाळाला घ्यावंसं वाटत नाही म्हणते, मी आई व्हायला लायक नाही म्हणते. डी कमी म्हणून सांगितलंय. आम्ही सव्वा महिना खोलीबाहेर काढत नाही, शेक-शेगडी, कान बांधून, दारं-खिडक्या बंद. बाळाला मात्र सकाळी कोवळ्या उन्हात धरतो. अजून काय करावं?

उत्तर : तुम्ही सासू असून हे लिहिलंत, सुनेचं रडणं तुम्हाला दिसलं, याचं मला फार बरं वाटलं. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप जातं. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, आणि वर मी लायक नाही असं ती म्हणायला लागली, की ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, आणि त्याचा कारभार डीच्या पुडीने आवरत नाही. ज्या डॉक्टरांनी बाळंतपण केलं त्यांच्याकडे या दोन दिवसांत न्या, बाळ पाजत असताना चालतील अशी औषधं असतात, ते सांगतील. आणि ती अजिबात झोपत नसेल, भलतंच बोलत असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, किंवा बाळाला किंवा स्वतःला इजा करायचं बोलली, तर त्याच क्षणी दवाखान्यात, आणि तोपर्यंत दोघांना एकटं सोडायचं नाही.

खोली उघडा. शेक द्या, तेल लावा, डिंकाचे लाडू द्या, ते प्रेमाचं आहे, त्यात मी हात घालणार नाही. पण सव्वा महिना अंधार कशाला? सकाळी खिडकी उघडून उजेड येऊ दे, अकराच्या सुमाराला पाठीवर ऊन घेत तिला अंगणात पंधरा मिनिटं बसू दे, तुम्ही शेजारी बसा, शेंगा फोडत बसा हवं तर, काही बोललं नाही तरी चालेल. तिला माहेरचं कुणी हवं असेल तर बोलवा.

बाळाचं कोवळं ऊन डीसाठी पुरत नाही आणि आईच्या दुधातही डी कमीच असतं, आईचंच कमी असेल तर आणखी कमी. म्हणून तान्ह्या बाळाला वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिले असतील, औषधाच्या पिशवीत बघा. बाटलीप्रमाणे मात्रा बदलते, कुठे अर्धा मिली असते कुठे एक मिली, त्यामुळे त्यांना विचारून ड्रॉपरवर पेनाने खूण करून ठेवा.

आणि आज रात्रीपासून एक करा. दूध काढून वाटीत ठेवायला सांगा, दहाला बाळ तुमच्या कुशीत घ्या, एक पाजणं तुम्ही वाटी-चमच्याने करा, आणि तिला मधल्या खोलीत दार लोटून सलग चार-पाच तास झोपू द्या.